पाटीवरचे कुटुंब आणि पायरीवरचे कुटुंब

(नंदुरबार येथे वाचक-कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आज नाश्त्यावर बोलणार आहे असे अध्यक्षांनी जाहीर केले, तेव्हा आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मी पाहिले. त्यात वावगे काही नाही. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत कुपोषणाच्या बातमीखेरीज फारसे येत नाही, तेथे हॉटेलातल्या पोह्यांवर व्याख्यान देणे हा वृद्धापकाळाचा चाळा वाटण्याजोगाच प्रकार आहे. परंतु गेली दोन वर्षे एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तो हॉटेलात, सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर घडला आणि त्यात दोषी मी स्वतः होतो. म्हणून या विषयाला हात घातला आहे.

सकाळी सातच्या सुमारास नंदुरबार, शहादा, तळोदा वा नवापूर यांपैकी कोणत्याही गावच्या बसस्थानकासमोर उभे राहून पाहा. मोठ्या कढईत पोहे वाफाळत असतात, त्यांवर शेव आणि चिरलेला कांदा पडतो, बशीच्या कडेला तळलेली हिरवी मिरची येते. शेजारी खमण असते, रविवारी फाफडा आणि जिलेबी असते. पुण्याच्या माणसाला हा नाश्ता अर्धा गुजराती वाटतो आणि सुरतेच्या माणसाला अर्धा मराठी. सुरत-भुसावळ हा ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्ग येथून जातो, आणि रुळांवरून माल जसा येतो तशा चवीही येतात. नवापूरच्या स्थानकात तर एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. तेथे चहा कोणत्या राज्याचा, असा प्रश्न अजून कोणी काढला नाही, हे आपले नशीब! त्या कढईभोवती अहिराणी, गुजराती, गुजरी, भिलोरी, पावरी, मावची असे सगळे बोल कानावर पडतात. आपल्या जिल्ह्याची ओळख एखाद्या परक्याला करून द्यायची असेल, तर मी त्याला जिल्हाधिकारी कचेरीत नेणार नाही. आधी या कढईपाशी आणून उभा करीन.

पण कढईभोवती उभे राहणे वेगळे आणि आत टेबलाशी बसणे वेगळे. माझे सांगणे या दोहोंमधल्या चारपाच पावलांच्या अंतराविषयी आहे.

आपल्याकडे छोट्या गावात हॉटेल म्हणजे राहण्याची जागा नव्हे, खाण्याची. ही हॉटेले वाढली ती मुख्यतः एस. टी.च्या आधाराने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे गाडी जेथे पोचली तेथे स्थानक आले, आणि स्थानकासमोर हॉटेल आले. माझ्या लहानपणी या हॉटेलात पुरुष बसत. बाई माणूस गाडीतच बसून राही आणि तिचा चहा खिडकीतून वर दिला जाई. मग कधीतरी हॉटेलच्या मागल्या बाजूला पडदा लावून एक कोनाडा निघाला आणि त्यावर 'फॅमिली रूम' अशी अक्षरे आली. बाईने नवऱ्याच्या वा भावाच्या सोबतीने तेथे बसावे, असा त्याचा अर्थ. पडदा गेला, कोनाडा गेला, तरी तो शब्द मात्र कोनाड्यातून उठून थेट दारावरच्या पाटीवर जाऊन बसला. आता प्रत्येक दुसऱ्या हॉटेलच्या नावापुढे 'फॅमिली रेस्टॉरंट' असते. येथे दारू मिळत नाही, शिवीगाळ होत नाही, बायका-मुलांना घेऊन निर्धास्त या, एवढे आश्वासन त्या इंग्रजी शब्दात आले. ते मोलाचे आहे, आणि त्याची थट्टा मी करणार नाही. आपल्या सुना-लेकी आज समोरच्या टेबलावर बसून, मोठ्याने हसत नाश्ता करतात, हे माझ्या आईच्या पिढीला स्वप्नातही दिसले नसते.

आता तो प्रसंग सांगतो. दिवाळी होऊन आठदहा दिवस झाले होते. मुलगा, सून आणि नात यांच्यासह मी एका तालुक्याच्या गावी अशाच एका हॉटेलात सकाळी बसलो होतो. हॉटेलचे नाव सांगत नाही, कारण दोष हॉटेलचा नव्हता. सहा खुर्च्यांचे टेबल होते, आम्ही चौघे होतो. इतक्यात सातपुड्याच्या बाजूचे एक जोडपे दाराशी आले. पुरुषाच्या खांद्यावर बोचके होते, त्यातून कोयत्याची मूठ बाहेर डोकावत होती. बाईच्या कडेवर एक मूल आणि बोटाला दुसरे होते. पुरुषाने आत नजर टाकली. हॉटेल भरलेले होते, रिकाम्या होत्या त्या आमच्याच टेबलाच्या दोन खुर्च्या. आणि मित्रहो, त्याची नजर त्या खुर्च्यांवर आली त्याच क्षणी मी माझी पिशवी उचलली आणि एका खुर्चीवर ठेवली.

हे मी ठरवून केले नाही. कोणी मला तसे सांगितले नाही. मी आयुष्यभर समतेची भाषणे केली आहेत, आदिवासी मुलांना तीस वर्षे शिकवले आहे, आणि माझ्या हाताने मला न विचारता हे काम उरकून टाकले. माणूस पायरीवरच थांबला. पोऱ्याने विचारले, "पार्सल?" त्याने मान हलवली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले वडे आणि कागदी पेल्यांत चहा बाहेर गेला. चौघेही गटाराच्या कडेला उकिडवे बसून ते खाऊ लागले. थोड्या वेळाने मुकादमाची गाडी आली आणि ती माणसे तीत चढून निघून गेली. आमचे पोहे तोवर थंड झाले होते.

त्या माणसाला कोणी अडवले? कोणीही नाही. कायदा या बाबतीत अगदी स्वच्छ आहे, आणि तो किती तपशिलात जाऊन लिहिला गेला हे आपण विसरतो. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे; धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून तेथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही. प्रजासत्ताकाच्या मूलभूत हक्कांत उपाहारगृहाला जागा द्यावी असे घटनाकारांना वाटले, कारण या देशात माणसाचा अपमान कोठे होतो हे त्यांना ठाऊक होते. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने त्याही पुढे जाऊन उपाहारगृहातील भांड्यांचा उल्लेख केला. सार्वजनिक उपाहारगृहात ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरला. १९७६ साली हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने अधिक कडक झाला. वेगळी कपबशी खिळ्याला टांगून ठेवणाऱ्या हॉटेलवाल्यासाठी हे शब्द लिहिले गेले. पण आता कागदी पेला आला आहे. तो सर्वांसाठी सारखाच असतो, वापरून फेकला जातो, त्यामुळे भांड्याचा प्रश्नच उरत नाही. आणि पिशवी खुर्चीवर ठेवणाऱ्या म्हाताऱ्याला कोणते कलम लागणार?

आता ते कुटुंब कोण होते, हे पाहू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तीत शंभरातील ६९ माणसे अनुसूचित जमातींची होती. म्हणजे या जिल्ह्यात पायरीवर राहतो तो अल्पसंख्य नाही, बहुसंख्य आहे. दिवाळी झाली की अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, शहादा या तालुक्यांतून हजारो माणसे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरतेकडच्या साखर कारखान्यांच्या शिवारात जातात. याच स्थलांतरावर यान ब्रेमन या डच अभ्यासकाने वर्षानुवर्षे काम केले आणि खानदेशातून गेलेल्या या तोडकऱ्यांच्या हालअपेष्टा जगापुढे मांडल्या. मुकादमाकडून उचल घ्यायची, पावसाळ्यातली उधारी फेडायची आणि सहा महिने उसाच्या फडाशेजारी पालात राहून ती उचल अंगावरून उतरवायची, हा क्रम. या धंद्यात मजुराची मोजणी माणसागणिक होत नाही, कोयत्यागणिक होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. तो तोडतो, ती मोळी बांधते आणि वाहते, आणि मोठे मूल असेल तर धाकट्याला सांभाळते. कुटुंब म्हणजे काय याची याहून रोखठोक व्याख्या मला कोणत्याही समाजशास्त्राच्या पुस्तकात आढळली नाही. आई, बाप, मुले मिळून एकच हिशेब. मग पाटीवर लिहिलेली 'फॅमिली' यांना का लागू होत नाही? त्या सकाळी त्या हॉटेलात खऱ्या अर्थाने कुटुंब म्हणून प्रवासाला निघालेले ते एकच होते. आम्ही नुसते सहल करीत होतो.

आणि गंमत अशी की आमच्या टेबलावरचा नाश्ता त्यांच्याच हातचा होता. मी हे अलंकारिक बोलत नाही. नंदुरबारची मिरची आपल्या ओळखीची आहे. हंगामात गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते तेव्हा दुरून शेताला आग लागल्यासारखे दिसते. त्या पथाऱ्यांवर दिवसभर बसून देठे खुडणाऱ्या बायकांचे हात पहा. रात्री त्यांना पोटच्या पोराच्या गालाला हात लावता येत नाही. चटणीला जी आंबट चव येते ती आमचुराची. आणि धडगावच्या डोंगरात वैशाखात घरोघर कैऱ्या सोलून, काचऱ्या करून खडकावर वाळवतात, तेव्हा तो आमचूर तयार होतो. व्यापाऱ्याच्या काट्यावर त्याला मिळालेला भाव आणि शहरातल्या वाण्याकडचा भाव यांची तुलना मी येथे करत बसत नाही. ज्यांना करायची आहे त्यांनी एकदा वैशाखात धडगावला जावे. उसाची साखर तर सांगायलाच नको. चहात विरघळलेली ती साखर कोणाच्या कोयत्याखालून आली होती?

हीच माणसे घरी सकाळी काय खातात? ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, मिरचीची चटणी, कधी उडदाची डाळ. आणि पावसाळ्याच्या तोंडाला, जेव्हा कणगी रिकामी होते, तेव्हा बरेचदा काहीच नाही. 'नाश्ता' या शब्दाचे मूळ फारसीत आहे आणि तेथे त्याचा अर्थ उपाशी असलेला असा होतो. उपाशीपणा मोडणारे खाणे म्हणून तो शब्द पुढे खाण्याला चिकटला. आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांत तो शब्द अजून मूळच्याच अर्थाने नांदतो आहे.

काही दिवसांनी मी त्या हॉटेलच्या मालकाकडे पुन्हा गेलो. त्याला जाब विचारण्याचा अधिकार मला नव्हता. मी नुसता बोलायला गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, मी कधी कोणाला नाही म्हटले आहे का? पैसे सगळ्यांचे सारखेच. पण ते आत बसले की चांगले गिऱ्हाईक दारातूनच परत फिरते, ते काही बोलत नाही, दुसऱ्या हॉटेलात जाते." हे त्याने माझ्याकडे पाहून म्हटले आणि मी खाली पाहिले. हा मालक काही भांडवलदार नव्हे. पहाटे चारला उठून तो स्वतः कढई चढवतो. गॅसची टाकी, तेलाचा डबा आणि जागेचे भाडे यांच्या कात्रीत सापडलेला माणूस आहे. त्याच्याकडे दोन पोरे होती. २००६ च्या ऑक्टोबरपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत कामाला ठेवण्यास बंदी आहे, आणि ती बंदी आल्यापासून हॉटेलांतून बालकामगार नाहीसे झाले. मालकांचे भाचे मात्र फार वाढले. मोठ्या कामगारांची गोष्टही निराळी नाही. १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा छोट्या हॉटेलातील कामाचे तास, सुट्टी यांविषयी निदान काही म्हणत असे. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या कायद्याने दहाहून कमी कामगारांच्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. तालुक्याच्या गावी दहा माणसे कामाला असलेले हॉटेल मला दाखवा! धंदा सोपा करावा, याला माझा विरोध नाही. पण बशा विसळणाऱ्याची आठवड्याची सुट्टी हा धंद्यातला अडथळा आहे, असे कोणाला वाटले?

येथे कोणी म्हणेल की हे सारे सरकारने पाहावे. सरकारने काही पाहिलेच नाही असे नाही. १९९५ साली आपल्या राज्यात एक रुपयात झुणका-भाकर आली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. शाळेत मध्यान्ह भोजन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशामुळे ते शिजवलेले आहे. पण लक्षात घ्या, ही सारी सोय दुपारची आहे. सरकारच्या लेखी गरीब माणसाची भूक बारा वाजता सुरू होते. मजूर मात्र सकाळी सहाला गाडीत चढतो आणि शाळेतले पोर रिकाम्या पोटी प्रार्थनेला उभे राहते. प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडलेली मुले मी पुष्कळ उचलली आहेत. त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन प्रथम गूळ द्यायचा, हा आमचा ठरलेला उपचार होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेत सकाळच्या न्याहारीची शिफारस केली, आणि २०२२ साली तामिळनाडूने प्राथमिक शाळांतून ती सुरूही केली. आपल्याला मद्रासकडे पाहून शिकण्याची लाज वाटू नये.

चळवळींनी तरी न्याहारीकडे पाहिले का? १९६९ च्या जानेवारीत अमेरिकेत ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्षाने एका चर्चमध्ये शाळकरी मुलांसाठी फुकट न्याहारी सुरू केली, आणि पुढे ती गावोगाव पसरली. हातात बंदुका घेतलेली ती तरुण मुले पहाटे उठून अंडी तळत असत, आणि तेथील सरकारला त्यांच्या बंदुकांइतकीच त्या तव्याचीही धास्ती वाटली. तीन वर्षांनी, १९७२ साली, आपल्याकडे मुंबईत तेच नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. नाव आले, त्वेष आला, कविता आली. न्याहारी आली नाही. हा टोमणा मी दुसऱ्यांना मारीत नाही. त्याच १९७२ साली आपल्या शहादा-तळोद्यात अंबरसिंग महाराजांच्या प्रेरणेने जागे झालेले आदिवासी आणि शहरातून आलेले तरुण कार्यकर्ते यांनी श्रमिक संघटना उभी केली. हातून गेलेल्या जमिनी, सालदाराची मजुरी, दारूचे गुत्ते यांवर झुंज दिली. त्या झुंजीने सालदाराला मालकासमोर ताठ उभे राहायला शिकवले. त्याच्या शेजारी बसून खाणे हे मात्र आम्ही सहानुभूतीदार मंडळी भाषणात ठेवून घरी गेलो.

नमुने नाहीत असे नाही. १९५७-५८ च्या सुमारास कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करण्यास सुरुवात केली, तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि इंडियन कॉफी हाउस स्वतः चालवून दाखवले. तेथे वाढपी हाच मालकांपैकी एक असतो. पुण्यात हमाल पंचायतीने डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कष्टाची भाकर' चालवली. हमालाने स्वस्तात, पण मान खाली न घालता जेवावे, हा त्यामागचा विचार. आपल्या जिल्ह्यात साखरेचे सहकार झाले, सूतगिरणीचे झाले. बसस्थानकासमोर भाकरी आणि उडदाच्या डाळीची न्याहारी देणारे, पहाटे पाचला उघडणारे, मजूर स्त्रियांनी चालवलेले एक सहकारी हॉटेल काढायला कितीसे भांडवल लागते? या बैठकीतील माणसांनी एक महिन्याचे निवृत्तिवेतन बाजूला काढले तरी कढई चढेल. मी माझे काढतो, हे येथेच सांगून टाकतो; अध्यक्षांनी त्याची नोंद करावी.

तोवर एक लहान गोष्ट. गेल्या वर्षी ऊसतोडीवरून परतलेल्या एका माणसाला मी विचारले, की हॉटेलात आत का बसत नाही. तो पावरा समाजाचा, मराठी जपून बोलणारा. तो म्हणाला, "आत बसलं तर किती पैसे होतील ते आधी कळत नाही. खाऊन झाल्यावर पैसे कमी पडले तर?" मला इतकी वर्षे ज्याचे उत्तर जातीत आणि वर्गात शोधावे लागत होते त्यातला निदान एक हिस्सा या साध्या वाक्यात होता. दरपत्रक आत, गल्ल्यामागच्या भिंतीवर असते. पायरीवरून ते दिसत नाही.

हे मी त्या मालकाला जाऊन सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि रंगाऱ्याला बोलावले. आता त्या हॉटेलच्या बाहेर, पायरीच्या उजव्या हाताला, पोहे, वडा आणि चहा यांची चित्रे काढून त्यांच्यापुढे मोठ्या आकड्यांत दर लिहिले आहेत. यंदाच्या दिवाळीनंतर मी तेथे चार सकाळी जाऊन बसलो, पिशवी पायाशी ठेवून. तीन दिवस माझ्यासमोरच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. चौथ्या दिवशी एक जोडपे चित्रांसमोर बराच वेळ उभे राहिले, पुरुषाने कनवटीचे पैसे मोजले आणि मग ती दोघे आत आली. बाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. पोऱ्याने फडके मारले आणि विचारले, "काय आणू, मावशी?"